चंद्रीचं ओझं

आमचा खेचरांचा कॅम्प डोंगरात इतका उंच होता, की ढग तंबूत शिरायचे. सकाळी बाहेर पडलं की खेचरं दिसत नसत, नुसते त्यांचे कान दिसत. आता माझ्या गावी, नायगावला गोठ्यात बसलो की ते कान आठवतात. ती नोकरी मी खरंच केली की स्वप्नात पाहिली, असं वाटून जातं.

लष्कराच्या पशुवैद्यकीय विभागात मी हवालदार होतो. आजारी जनावराचे नमुने घेऊन खाली लॅबला पाठवणं हे माझं काम. मारुती आमच्या शेजारच्या बिलोलीचा, खेचरांचा ड्रायव्हर. वयानं माझ्याहून लहान, बोलण्यात चौपट. चारचौघांत मला साहेब म्हणायचा, दोघंच असलो की आप्पा. त्याच्या खेचराच्या खुरावर नंबर होता, पण तो तिला चंद्री म्हणायचा.

आषाढ सरता सरता चंद्रीच्या नाकातून पिवळा, घट्ट शेंबूड येऊ लागला. आमच्या पशुवैद्य मेजर साहेबांना ग्लँडर्सचा संशय आला. हा पसरणारा रोग निघाला तर जनावर मारावंच लागतं. मी नमुना घेऊन पाठवला. चंद्रीला वेगळं बांधून भोवती दोरी लावली. मारुती दोरीच्या अलीकडे बसून राहिला.

"आप्पा, गोळी घालणार का वो तिला?"

"रिपोर्ट येऊ दे."

"लई गरीब हाय वो ती."

त्या धुक्यात सकाळ कधी झाली आणि दुपार कधी, कळत नसे. एकदाचा वायरलेस खरखरला.

"सॅम्पल ग्लँडर्स निगेटिव्ह. ओव्हर."

"रॉजर. फिर क्या निकला? ओव्हर."

"ऑपॉर्च्युनिस्टिक बॅक्टेरिया. पूरा आराम दो. आउट."

मेजर साहेबांनी मारुतीला समजावलं. हे जंतू धडधाकट जनावराच्या घशातही असतात, काही करत नाहीत. अंग थकलं, गारठलं की तेच उलटतात. संधिसाधू म्हणायचे ते यांनाच. औषध द्यायचं आणि पाठीवर ओझं ठेवायचं नाही. मारुती दोरी ओलांडून आत गेला. चंद्रीच्या मानेला कपाळ टेकून उभा राहिला.

पण वरच्या चौकीला रेशन जायलाच हवं होतं. चंद्रीचं ओझं बाकीच्या खेचरांवर वाटलं. उरलेलं मारुतीनं स्वतःच्या पाठीवर घेतलं. सगळा श्रावण तो असा चढत राहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. तिथं बैल कुठले? आम्ही दोघं दरवर्षी खेचरांचेच खांदे मळायचो. पंजाबी पोरं आधी हसायची, मग वाटीत बोटं बुडवायला यायची. त्या संध्याकाळी शेवटी चंद्रीपाशी आलो, तर मारुती हसला.

"तिचा खांदा रिकामाच हाय, आप्पा. वझं तर मी वाहून राहिलो."

"मग काढ शर्ट."

मी थट्टेतच त्याच्या खांद्याला तूप-हळद लावली. पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठले होते. अंग तव्यासारखं तापलेलं. तो खोकला.

"हे काय रे?"

"काई न्हाई वो. धुकं गेलं घशात."

"उद्या सकाळी डॉक्टरकडे. मीच धरून नेतो." मग वळांवर हात ठेवून म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"हाव, येतो की."

सकाळी त्याला उभं राहवेना. स्ट्रेचरवरून खाली नेलं. न्यूमोनिया होता. चंद्रीचा आजार लागला नव्हता. त्याच्याच घशातले जंतू होते, डॉक्टर म्हणाले, अंग थकायची वाट बघत बसलेले. दोन दिवसांनी वायरलेसवर तो गेल्याचं आलं.

चंद्री बरी झाली. मी निवृत्त झालो तेव्हाही चढावर होती.

मला मारुतीचा अजून राग येतो. जनावराचा थकवा ज्याला दिसला, त्याला स्वतःचा दिसू नये?

दर खांदेमळणीला माझ्या दोन्ही बैलांचे खांदे मळून झाले, की बोटांना थोडी तूप-हळद उरते. ती मी धूत नाही. गोठ्यात धूर साचलेला असतो, बैल रवंथ करत असतात, आणि दाराशी कुणी खोकल्यासारखं होतं. मी वळून पाहत नाही. दुसऱ्या दिवशी बायको पुरणपोळीचं एक ताट जास्त वाढते. ते झाकून ठेवतो. बिलोलीहून नायगाव काही लांब नाही.