खंडेनवमीला मागे पडलेलं घड्याळ

बंगळुरात यशवंतपूरच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होतो. स्वतःची, पहिल्या ओळीपासून. नव्वदच्या दशकात परदेशी माल दारात येऊन उभा असताना हा निव्वळ वेडेपणा होता, आणि मी पुण्याहून खास त्यासाठीच आले होते. आमचे साहेब तिथल्याच जुन्या मराठी घरातले, बोलण्यात मधूनमधून कानडी शब्द येणारे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या सिस्टिममध्ये घातली होती. आता एका कारखान्याने ती पसंत केली, तरच ती जगणार होती.

अण्णांची एक सवय होती. सकाळी आल्या आल्या ते रेडिओच्या ठोक्यावर संगणकातलं घड्याळ लावत, देवपूजा करावी तसं. आम्हाला त्याचं कौतुक. ते मुळात मागे पडतंय का, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कारखान्यात आमचं यंत्र बसलं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीच्या आयुधपूजेला त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, आणि सुट्टी संपेपर्यंत रिवाजाप्रमाणे कुणी त्याला हात लावला नाही. बंद मात्र केलं नव्हतं; डिस्कवर नोंदी लिहीत ते चालूच होतं. सुट्टीनंतर गेलो, तर त्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या चांगलंच मागे. भट्टीच्या वेळा त्यावरच ठरणार होत्या. तिथले अधिकारी नुसते हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

कारण दुपारीच सापडलं. टायमरची चिप ठरावीक वेळाने प्रोसेसरला टिचकी मारते आणि सिस्टिम त्या टिचक्या मोजून वेळ सांगते. डिस्कवर लिहिताना मध्येच व्यत्यय नको म्हणून आम्ही टिचक्या ऐकणंच बंद ठेवत होतो. तेवढ्या वेळातल्या वाया जात. रोज सकाळी अण्णा ती तूट भरून काढत होते, म्हणून ती कधी दिसलीच नाही.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. ती करून अण्णांनी कारखान्याला फोन लावला. परदेशी सिस्टिम मागवून झाली होती.

"स्वल्प थांबले असते तर," फोन ठेवत ते म्हणाले.

"अण्णा, दुसरा कारखाना बघू."

"तू बघ. तुझं वय आहे. त्या परदेशी लोकांचीच सिस्टिम शिकून घे, सरी? ठीक आहे ना?" समोरच्या पडद्यावर आमची सिस्टिम आता अचूक चालली होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "मला ही एकच येते ग."