गोठलेल्या जमिनीखालचा वायू

सावद्याची कामिनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एका प्रकल्पावर इंजिनिअर होती. तिथे कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड बोअरमधून खोल खडकात भरतात. वरची बारमाही गोठलेली जमीन झाकणासारखी तो अडवून धरते. यंदा वडील आजारी पडले म्हणून ती सावद्याहूनच लॅपटॉपवर बोअरचे आकडे पाहत होती.

एका सकाळी बोअरभोवतीच्या जमिनीचं तापमान शून्याच्या वर गेलेलं दिसलं. बर्फ वितळत होता. तिने घाईने फोन लावला. तिथला सहकारी, धुळ्याचा योगराज, तपासायला बोअरच्या तोंडाभोवतीच्या खड्ड्यात उतरत होता.

"योगराजभाऊ, थांबा! गॅस खड्ड्यात साचला असेल, श्वास कोंडेल."

"इथं तर कसलाच वास नाही."

"त्याला वास नसतोच. आधी गॅस मोजायचं मीटर दोरीने खाली सोडा."

पलीकडे काहीच ऐकू येईना. कामिनी मोठ्याने योगराजला हाका मारू लागली. खाटेवरचे तिचे वडील, रतिलाल आबा, उठून बसले.

"काय झालं, बाई?"

तेवढ्यात फोनमधून मीटरचा कर्कश भोंगा ऐकू आला.

"मी वर आलो, ताई. खाली गॅस भरलाय," योगराज धापा टाकत म्हणाला.

बोअर त्याच दिवशी बंद केली. जमीन पुन्हा गोठायला महिना लागला. तोवर कामिनी रोज पहाटे उठून आधी आकडे बघायची.