चिंचेमागची कुंदा

यशोधराताई पान उलटताना खालचा कोपरा धरायची. बोटाला थुंकी कधी लावायची नाही. गोष्ट सुरू करण्याआधी मुलं दोनदा मोजायची. सतरंजीच्या टोकाला एकाची जागा मोकळी ठेवायची. कुणी तिथं सरकलं तर म्हणायची, "असू दे रे, उशिरा येणाऱ्याला लागेल."

मैत्रेयी हे दर रविवारी बघायची. नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झालेली. नोकरी नव्हती, म्हणून हेंद्रेपाड्याच्या विहारात ताईच्या मदतीला यायची. ताई पस्तिशीची, अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला. आई, रखमाबाई, वारलेली. घरी वडील भगवानकाका आणि ती. रविवारी वंदना झाली की ताई मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची.

२००७च्या दिवाळीनंतर उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे तिला लहानपणीचं पुस्तक सापडलं. चिंचेखाली भरलेला प्राण्यांचा बाजार. तिचं स्वतःचं पुरात गेलं होतं. हे दुसऱ्याच कुणाचं.

"ले जाओ ताई," रद्दीवाला म्हणाला, "इसको तो चूहा भी नहीं पढ़ता."

रविवारी ती ते वाचू लागली. पाचव्या पानावर अडखळली, मग घाईनं पान उलटलं.

पाच वर्षांची श्रावस्ती म्हणाली, "ताई, मागं जा ना. त्या मुलीचं राहिलं."

"कुठली मुलगी?"

"झाडामागची. भुवईवर लागलंय ती."

चित्रात चिंचेचा बुंधा होता. मागं रान. मुलगी नव्हती. मैत्रेयीनं पुस्तक उजेडात धरून पाहिलं.

मुलं गेल्यावर ताई म्हणाली, "आई वाचायची त्यात मुलगी होती. ससा मुळे विकतो, खार बोरं विकते, आणि चिंचेमागं आपली कुंदा उभी आहे. इथं तर एक अक्षर नाही तिच्यावर."

रखमाबाईंना वाचता येत नव्हतं. चित्रं बघून त्या मनानं सांगायच्या. ताई वाचायला शिकली तोवर पुस्तक पाठ झालेलं. पाठ असलेलं पुस्तक कोण वाचून बघतं?

दोघी तशाच घरी गेल्या. भगवानकाका सुपारी कातरत होते.

"बाबा, कुंदा कोण?"

"तुझ्या आधीची. तीन वर्षांची होऊन गेली, तापानं."

"मला कधी सांगितलं नाही."

"तुझी आई सांगायची की रोज."

"तिच्या भुवईवर लागलं होतं?"

अडकित्ता थांबला. "उंबऱ्यावर पडली होती. तुला कुणी सांगितलं?"

काकाच मग म्हणाले, "तिचा फोटो काढायचा राहिला. भिंतीवर लावायला काही नव्हतं. म्हणून रखमा तिला त्या झाडामागं उभी करायची."

ताईनं ठरवलं, कुंदाचं चित्र काढून आईच्या फोटोशेजारी लावायचं. काका अठ्ठ्याहत्तरचे होते. तो चेहरा पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ते गेले की कुंदा पुसली जाणार.

रोज कामावरून आली की ती पॅड घेऊन बसायची. काका सांगायचे, ती काढायची, खोडायची. रविवारी श्रावस्ती पॅडमध्ये डोकावायची. "नाक असं नाही, बसकं आहे." सोमवारी काका तेच म्हणायचे. काकांची आणि श्रावस्तीची कधी भेट झालेली नव्हती. हे मैत्रेयीनं एकदा बोलून दाखवलं. "मला फक्त चेहरा हवाय गं," ताई म्हणाली. "कुठून का मिळेना."

जानेवारीत फक्त डोळे उरले.

"डोळे नको काढू," श्रावस्ती म्हणाली.

"का गं?"

"मग तिला तू दिसशील."

ताई हसली. "दिसू दे की. बहीण आहे माझी."

श्रावस्तीनं चप्पल घातली आणि गोष्ट न ऐकताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हाका मारल्या. ताई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आजार कसलाच नव्हता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं पांगली. काकांनी पॅड आणून मैत्रेयीच्या मांडीवर ठेवलं.

"पोरी, बघ तुला पुरं करता येतं का."

कपाळ होतं. भुवईवरची खूण होती. बसकं नाक, मिटलेले ओठ. डावा डोळा पुरा झाला होता, पापण्यांसकट. तो समोर बघत होता. उजव्याच्या जागी पेन्सिलीची एक फिकट गोल रेघ होती. आत कोरा कागद.