हस्तांतर अपूर्ण, असं मी लिहिलं

एका देशाच्या नागरिकांची नोंदवही काही वर्षं आमच्या अमेरिकेतल्या, अ‍ॅशबर्नच्या ऑफिसातून चालायची. जन्म, मृत्यू, ओळखपत्रं, सगळं. देशाचं नाव लिहीत नाही. आमचा ग्राहक म्हणजे तिथे ताबा घेऊन बसलेल्या सैन्याचं प्रशासन. मग तिथे स्वतःचं सरकार आलं. झेंडा बदलला, भाषणं झाली, आणि नोंदवही नव्या मंत्रालयाच्या हवाली करायचं काम माझ्याकडे आलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. ज्याला सिस्टिम द्यायची त्याने प्रत्येक गोष्ट माझ्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवायची, मगच माझी सही. नुसत्या माना डोलावून घेण्याला मी हस्तांतर म्हणत नाही.

मंत्रालयाकडून एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. व्हिडिओ कॉलवर शेवटची चाचणी चालली होती. मी म्हटलं, "आता तुमच्या नव्या कारकुनाचं खातं उघडा." त्यांनी उघडायला घेतलं. पडद्यावर आलं: मंजुरी बाकी.

"कोणाची मंजुरी?"

"वरच्या मजल्यावरच्या सल्लागारांची," बाई म्हणाल्या. "इमारत आमची, झेंडा आमचा. त्यांच्या दाराशी मात्र अजून त्यांचेच शिपाई. तीन आठवडे माझा कारकून त्यांना पसंत पडत नाही. लग्न ठरवायचं असतं तर एव्हाना बारसंही झालं असतं."

सैन्याच्या बाजूचे हे सल्लागार कॉलवरच होते. सर्वाधिकाराचं खातं अजून त्यांच्या हातात होतं.

"ही तात्पुरती व्यवस्था आहे," ते म्हणाले. "तो मुद्दा वगळा."

"तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत?"

"परिस्थिती बघून ठरवू."

मी सही केली नाही. शेऱ्यात लिहिलं: सर्वाधिकार दिलेले नाहीत, हस्तांतर अपूर्ण. नियमाप्रमाणे प्रत दोन्ही पक्षांना पाठवली.

माझा मॅनेजर नागपूरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो तरातरा माझ्या टेबलापाशी आला.

"ताई, काय केलं हे? क्लायंट आहे तो आपला, यार!"

"सिस्टिम कोणाला दिली?"

"मंत्रालयाला."

"मग त्यांना चालवून दाखवू दे."

"तुम्ही काय स्वातंत्र्यसैनिक आहात का? साइन करा, क्लोज करू."

"संसार सुनेच्या हाती दिला म्हणायचं आणि किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवायच्या, हे मी घरी सोसलंय. तिथे निदान माझी सही कोणी मागितली नव्हती. इथे मागताय."

दुसऱ्या दिवशी मला प्रोजेक्टवरून काढलं. माझ्या जागी आलेल्याने पाच मिनिटांत सही केली. पण त्या कागदाला दोन सह्या लागतात, आणि दुसरी बाईंची होती. त्यांनी म्हणे माझा शेरा पुढे ठेवला आणि विचारलं, "तुमचीच कंपनी अपूर्ण म्हणते, मी पूर्ण कसं म्हणू?" धमक्या आल्या, विनवण्या आल्या. दीड महिना त्या हलल्या नाहीत.

एका दुपारी मी डबा खात होते. सिस्टिमचा निरोप आला: तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. तेवढ्यात मॅनेजर आलाच. त्याच्याकडून कळलं, सर्वाधिकार त्याच सकाळी बाईंना मिळाले होते. त्यांनी पहिल्यांदा सल्लागारांचं खातं बंद केलं, पाठोपाठ आमच्या ऑफिसातली सगळी.

"बघा," तो म्हणाला, "जिच्यासाठी भांडलात तिने तुम्हालाही उडवलं."

"उडवायलाच हवं होतं," मी म्हटलं. "मी तरी त्यांची कोण?"