त्या केकात अंडं नव्हतं

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या अलीकडे. वाढदिवसाला केक कापायची पद्धत आमच्याकडे टीव्हीतून आली. त्याआधी वाढदिवस म्हणजे औक्षण आणि फार तर शिरा. नव्वद सालानंतर घरोघर टीव्ही आले आणि पोराच्या पहिल्या वाढदिवसाला पुढ्यात केक नसला तर आयांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. अडचण अशी होती की आमचं अर्धं गाव माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण, मासे, अंडं बंद. खायचं तर नाहीच, उंबऱ्याच्या आतही आणायचं नाही. मंचरच्या बेकरीतल्या केकात अंडं असायचं. त्यामुळे पोरं केक कापायची आणि आजी-आजोबा लांब बसून टाळ्या वाजवायचे.

मीही माळकरी. घोडेगावला कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त होऊन गावी आलो. बायको मुलाच्या लग्नाआधीच गेली होती. मुलगा चाकणला कंपनीत, तिथेच खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. म्हणजे एरवी घरात मी आणि सून, दोघंच.

सून पिंपरी पेंढारची. लग्नाआधी नारायणगावला तिने केक-बिस्किटांचा एक क्लास केला होता. तिथे शिकवलेलं सगळं अंड्यावर उभं. आमच्या घरी ते चालणार नव्हतं. एक दिवस तिने विचारलं की अंड्याशिवाय करून बघू का. मी म्हटलं, घराला बाट लागणार नसेल तर काय हवं ते कर.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. घोड नदीची वाळू आणून चाळली, धुतली, वाळवली. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवलं, तळाला दोन बोटं वाळू पसरली, त्यावर ताटली आणि ताटलीवर केकचं भांडं. पहिला केक इतका घट्ट दगड झाला की तो म्हशीपुढे टाकला. म्हशीनेही हुंगून तोंड फिरवलं. मुलगा घरी होता, तो म्हणाला, "परीक्षक लई कडक हाय राव." सून हसली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदा चाळायला बसली. दुसरा मध्येच खचला. तिसरा वरून करपला आणि आत चिकट राहिला.

ती मला समजावून सांगायची. म्हणायची, अंडं दोन कामं करतं, पीठ धरून ठेवतं आणि फुगवतं. धरायला तिने आटवलेलं दूध घेतलं. फुगवायला आंबट दही आणि खायचा सोडा. पण दही आणि सोडा एकदा भेटले की इकडेतिकडे बघत बसायचं नाही, भांडं लगेच तापलेल्या वाळूवर गेलं पाहिजे आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. हे वेळेचं गणित तिचं तिने बसवलं. ज्या दिवशी बसलं त्या दिवशी तिने केक मधोमध कापून मला आतली बारीक जाळी दाखवली. आयुष्यातला पहिला केक मी गळ्यात माळ ठेवून खाल्ला.

गावात तिचं नाव झालं ते आमच्या भजनी मंडळाच्या बुवांमुळे. त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला केक आमच्याकडून गेला. बुवांनी तुकडा तोंडात टाकला आणि जमलेल्यांना म्हणाले, "खा बिनघोर. माळकऱ्याच्या घरचा हाय." तेवढं पुरलं. लोकांचा विश्वास तिच्या हातावर नव्हता, माझ्या गळ्यावर होता. हे तेव्हा मला कळत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

दोन वर्षांत तिने स्वतःच्या कमाईतून ओव्हन घेतला. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून माणसं यायची. मंचरला स्टँडजवळ एक गाळा बघून ठेवला होता. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं, "फक्त बिनअंड्याचे". मुलगाही तयार होता.

त्याच काळात मला क्षय झाला. औषध सुरू झालं, पण वजन भरेना. डॉक्टर म्हणाले, रोज दोन अंडी खा. मी माळ दाखवली. त्यावर ते म्हणाले, मग दूध, डाळ, शेंगदाणे वाढवा. इथे खरं लिहायचं तर त्याच्यावर माझं भागलं असतं. पण डॉक्टरांच्या तोंडून आधी अंडी निघाली होती, आणि मला मरणाची भीती वाटत होती. डाळ हा मला दुय्यम इलाज वाटला.

औषधाला गेलो की परगावच्या दुकानातून मी अंडी आणायचो. रानात विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिथे रॉकेलचा स्टोव्ह होता. खोलीत गेलो की आधी माळ काढून खिळ्याला अडकवायची. माळ खिळ्यावर आहे तोवर खाणारा माळकरी नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. असं करणारा मी एकटा नव्हतो, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. अंडी उकडायची, खायची, खळखळून चूळ भरायची, लवंग चघळायची आणि माळ परत गळ्यात. बरा झालो तरी मी ते थांबवलं नाही.

राहिली टरफलं. विहीर भावकीच्या सामाईकीतली, तिथे टाकता येईनात. रुमालात बांधून घरी आणायचो आणि मागच्या उकिरड्यात शेणाखाली खोल दाबायचो. माझं आयुष्य कागदात गेलेलं. शेणात सगळंच कुजतं असा माझा समज होता. टरफल तसं कुजत नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं, पण विचारणार कसं?

वैशाखात उकिरडा उपसून खत शेतात टाकायला घेतलं. खत पांगवणाऱ्या बायांना पाटीपाटीत पांढरे तुकडे दिसायला लागले. आमच्या घरी कोंबडी नाही. आणि चारच दिवसांपूर्वी बुवांच्या नातवाचा वाढदिवस झाला होता, तीन थरांचा केक आमच्याकडून गेला होता आणि सगळ्या भजनी मंडळाने तो खाल्ला होता. संध्याकाळपर्यंत गोष्ट पिठाच्या गिरणीवर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा चौघांना घेऊन आमच्या ओट्यावर आले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. ती त्यांनी माझ्यासमोर सोडली. टरफलं होती, धुऊन आणलेली. सून दारात उभी होती.

बुवा तिच्याशी थेट बोलले नाहीत. मला म्हणाले, "तात्या, आमी सोळा जणांनी तो केक खाल्लाय. काय खाल्लं तेवढं कळू द्या."

सून म्हणाली, "मी या घरात एकदाबी अंडं आणलं न्हाई."

"मग ही काय म्हशीनं घातली?" मागच्यातला एक जण म्हणाला. कुणी हसलं नाही.

बुवांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "तात्या, तुमी सांगा. केकात अंडं न्हाई म्हणलात तर इषय संपला. आमी उठतो."

इतकं सोपं होतं. ही टरफलं माझी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. किंवा नुसतं नाही म्हटलं असतं तरी ती वाचली असती. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग ही कुणाची? माझा हात गळ्याकडे गेला होता. मी म्हणालो, "मी दिवसभर रानात आसतो. घरात काय चालतं मला काय म्हाईत."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली. बुवा पुडी तिथेच ठेवून उठले.

त्यानंतर तिच्याकडे केक मागायला कुणी आलं नाही. मंडळातल्या सोळा जणांनी प्रायश्चित्त म्हणून उपास धरले. मुलगा सुट्टीला आला, त्याने आत जाऊन तिला विचारलं. मी पडवीत होतो, सगळं ऐकू येत होतं. ती तेच म्हणाली, मी आणलं नाही. तो म्हणाला, मग तात्या तसं का बोलले? तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मंचरचा गाळा दुसऱ्याला गेला. ओव्हनमध्ये तिने पापडांचे डबे ठेवले.

अंडी मी त्याच दिवशी सोडली. उद्या बोलू, असं रोज ठरवायचो. पण पहिल्या दिवशी न बोलल्याचा एकच गुन्हा होता, दुसऱ्या दिवशी दोन झाले. महिना गेल्यावर बोलायचं म्हणजे महिनाभर गप्प का होतो तेही सांगावं लागणार होतं. वर्ष गेल्यावर तर दाराला बाहेरून कुणीतरी कडी घातल्यासारखं झालं. आणि घरात आम्ही दोघंच. ती दोन्ही वेळा ताट वाढायची. भाकरी गरम असायची, आमटी मला हवी तशी पातळ असायची. तिने एकदा जरी ताट आपटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. जेवताना मी मान वर करत नसे. बाहेर जावं तर लोक म्हणायचे, तात्या, तुमची काय चूक, सून परक्या घरची. देवळात मला पुढे बसवायचे. घरात बसवत नव्हतं आणि देवळातही बसवत नव्हतं. मी रानात जायचो, तर तिथे ती मोटारीची खोली.

अशी सात-आठ वर्षं गेली. बुवा वारले. मंचरला आता दुकानादुकानांत बिनअंड्याचा केक मिळायला लागला होता. एकदा मुलाने तसला एक आणला. सुनेने तुकडा हातात घेऊन जाळी बघितली आणि म्हणाली, सोडा जास्त झालाय. त्या एका वाक्याने माझा धीर सुटला. मुलगा गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "सूनबाई, ती टरफलं माझी व्हती."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हाईत हाय मामा."

कधीपासून, ते मी विचारलं. तिने सांगितलं की आजारपणात एकदा ती चहा घेऊन मोटारीच्या खोलीवर आली होती. माझी पाठ दाराकडे होती. खिळ्याला माळ दिसली, स्टोव्हवर काय आहे तेही दिसलं. चहा उंबऱ्यावर ठेवून ती परत गेली. मला तो चहा आठवला. तेव्हा मला वाटलं होतं की माझं लक्ष नसताना ठेवून गेली असेल.

"मग त्या दिशी तू बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल आसं वाटलं."

"आन् नंतर?"

"नंतर कुणी ऐकलं आसतं? सासऱ्यावर ढकलती म्हणाले आसते."

पुढच्या एकादशीला भजन संपल्यावर मी देवळात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माळ काढून देवापुढे ठेवली. त्या सोळातले नऊ जण तिथे होते. मग एक जण म्हणाला, "मंजी तात्या, तुमी तवा रोज दोन हाणत व्हता?" आणि हशा पिकला. उकडून का तळून, मीठ कोण पुरवायचं, असं चाललं. एकाने पाठीवर थाप मारून सांगितलं की आजारपणात सगळं माफ असतं. दुसऱ्याने माळ उचलून माझ्याच हातात दिली. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भीत होतो ती पाव तासाची करमणूक निघाली.

घरी आलो. सून अंगणात वाळवण गोळा करत होती. मी सांगितलं, आज देवळात सगळं बोललो.

तिने विचारलं, "मग काय म्हणाले?"

"हसले."

ती थांबली. "आन् माझ्याबद्दल?"

तिच्याबद्दल कुणीच काही म्हणालं नव्हतं. आणि मीही, अंडी मी खाल्ली एवढंच सांगून खाली बसलो होतो. तिच्या केकात काय होतं हे मी तिथे उच्चारलंच नव्हतं. ती चादरीची चार टोकं जुळवून वाळवण घेऊन आत गेली.

म्हणून हे लिहून ठेवतो. त्या वाढदिवसाच्या केकात मैदा, पिठीसाखर, तूप, आटवलेलं दूध, आंबट दही आणि सोडा होता. सोळा जणांनी जे खाल्लं ते हेच. उपास धरायचं काहीच कारण नव्हतं.