कोरी प्लेट

मॅडम कशावरच विश्वास ठेवत नसत. हे मी कौतुकाने लिहीत नाही. पहिले कित्येक महिने तर मी हे वाक्य दात-ओठ खाऊनच म्हणत होते. दीपाली नावाची नालासोपाऱ्याची एक मुलगी माझ्याबरोबर शिकाऊ होती. ती एकदा सहज म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पाण्याला नवीन फिल्टर बसवला ना, तेव्हापासून पप्पांचं पोट एकदम ओके." मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोळाही काढला नाही. "आणि फिल्टर न बसवलेल्या शेजाऱ्याचं?" दीपालीने खांदे उडवले. "विचारून ये. त्याचंही ओके असेल, तर फिल्टरवाल्याने तुम्हाला गंडवलंय."

दीपालीने खरंच विचारलं. शेजाऱ्याचंही पोट ओके होतं. फिल्टर मात्र परत गेला नाही, कारण तो पप्पांनी पसंत केला होता.

या बाईंकडे मी शिकायला गेले ते काही विज्ञानाच्या ओढीने नव्हे. सरळच सांगते. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, पण माझं खरं शिक्षण आमच्या समितीच्या पत्रकांवर झालं होतं. विहिरी उपसून इमारतींना पाणी नेणाऱ्या टँकरांविरुद्ध आम्ही उमेळ्यापासून माणिकपूरपर्यंत पत्रकं वाटत होतो. मी लिहायचे, समितीचे म्होरके दादा छापून आणायचे. एक दिवस दादांच्या कानावर आलं, की वसई पूर्वेला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर कुणी कंपनी आमच्या राजेळी केळीत जनुकं बदलून परका गुण घालतेय. राजेळी! जिची सुकेळी आमच्या आज्या-पणज्यांनी उन्हात वाळवली, ती केळ. दादा म्हणाले, "तिथे शिकाऊ मुलं घेतात. तू जा आत. डोळे उघडे ठेव."

मुलाखतीला मॅडम एकट्याच होत्या. देशावरच्या, बुटक्या, कॉटनची साडी घोट्यांच्या वर खोचलेली, पायात रबरी स्लिपर. माझा अर्ज बाजूला सारून म्हणाल्या, "टँकरचं पत्रक तूच लिहितेस ना? रिक्षा स्टँडवर मिळालं मला. शुद्धलेखन बरं आहे. उद्यापासून ये."

मी जिना उतरले आणि थेट दादांकडे गेले. शत्रूला ओळखून घरात घेणारा माणूस साधा नसतो. दादांचंही तेच मत पडलं. "तुला माणसाळवायला घेतलंय. उद्या म्हणतील, बघा, समितीचीच मुलगी आमच्याकडे काम करते." मी म्हटलं, बघूच कोण कुणाला माणसाळवतंय ते.

पहिले दोन महिने मी बाटल्या धुतल्या. जॅमच्या बाटल्या. त्यांत साखर, क्षार आणि चायना ग्रासचा खळ घालायचा, कुकरसारख्या मोठ्या भांड्यात उकडायच्या, आणि मग नखाएवढा केळीचा कोंब आत ठेवायचा. बाहेरचा एक जंतू शिरला की बाटलीत बुरशीचा कापूस. पावसाळ्यात तर बाटल्यांच्या रांगाच्या रांगा फेकाव्या लागत. माझ्या बाटल्या सगळ्यांत जास्त. कारण मी कोंब ठेवता ठेवता दीपालीला कंपन्यांच्या लबाडीवर भाषण द्यायचे. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "पत्रक," – मला त्या कायम पत्रकच म्हणत – "घोषणा जिन्याखाली ठेवून ये. इथे तोंडातून जे निघतं ते चार दिवसांनी बाटलीत उगवतं."

दीपाली हसून हसून वेडी झाली. मी नाही हसले. मला वाटलं, ही बोलती बंद करण्याचीच रीत आहे, फक्त शास्त्राच्या नावाने.

मॅडमची खरी ओळख म्हणजे कोरी प्लेट. कुठलाही प्रयोग करताना चार काचेच्या चपट्या बशांमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत प्लेटमध्ये, काहीतरी घातलं, की पाचवी प्लेट तशीच ठेवायची. तोच खळ, तीच पानं, तोच उजेड, फक्त जे घालून बघायचंय ते घालायचं नाही. पुस्तकात तिला कंट्रोल म्हणतात. मॅडम कोरी म्हणत. प्लेट बघायला आल्या की बाकीच्या चार हातातही घेत नसत. "कोरी दाखव. आपण काहीच केलं नाही तिथे काय झालं ते आधी कळू दे. मग आपण काय केलं त्याची बढाई मार."

ही सवय त्या गाळ्यापुरती ठेवत नसत, हा त्यांचा त्रास. माझं नवीन पत्रक मीच त्यांच्या टेबलावर मुद्दाम ठेवलं होतं. "टँकरने उपसा केला, विहिरी मचूळ झाल्या", असा मथळा होता. त्यांनी चहा पिता पिता वाचलं.

"जिथून टँकर भरत नाहीत, तिथल्या विहिरीचं पाणी चाखलंस?"

"म्हणजे टँकरवाले निर्दोष?" मी उसळले.

"मी तसं म्हटलं का? चाखून ये म्हटलं."

मी तिरीमिरीतच गेले. टँकर पोचत नाही असं खाडीकडेचंच एक गाव शोधलं. म्हणजे खारं पाणी तिथेही तेवढंच जवळ. विहिरीवर कपडे धुणाऱ्या एका म्हातारीकडे पाणी मागितलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमचं पानी गोड हाय गो बाय. तुमचं कोनी चोरलं काय?" पाणी खरंच गोड होतं. ते पत्रकात घातलं, आणि पहिल्यांदाच पंचायतीतले लोक आमच्या पत्रकावर हसले नाहीत, चिडले. दादा खूश झाले. मी नव्हते झाले. कंपनीच्या बाईने आमचं पत्रक टोकदार करून द्यावं, यात तिचा काय फायदा? हा प्रश्न मला झोपू देईना.

मग निळा रंग आला.

झाडात हवा तो गुण घालताना त्याच्या जोडीला एक निशाणीही घालतात. गुण असा डोळ्यांना दिसत नाही, निशाणी दिसते. पानाचा तुकडा एका औषधी पाण्यात भिजवला आणि त्यातला हिरवा रंग धुऊन काढला, की जिथे निशाणी पोचली तिथे तो निळा पडतो. आमच्या कंपनीला पानांचा गुच्छ होऊन खुंटण्याच्या रोगाला न जुमानणारी राजेळी बनवायची होती. वर्षभर तुकडे पांढरेच राहत. त्या दिवशी ते निळे झाले. मोरपिसासारखे निळे. मॅडम दोन दिवस बाहेरगावी होत्या. कंपनीचे मुंबईचे साहेब तासाभरात हजर झाले, पेढे आले, आणि साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "उमेळ्यात वाडी भाड्याने घेऊन ठेवलीय. पावसाआधी लावून टाकू. परवानगी वगैरे बघू नंतर."

ती वाडी माझ्या आजोबांच्या, आबांच्या वाडीला लागून. मध्ये फक्त एक कुंपण, तेही मोडकं. माझ्या हातात पेढा होता आणि डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होत होता.

मॅडम परत आल्या. प्लेट बघितल्या. "कोरी कुठाय?"

दीपाली म्हणाली, "मॅडम, औषध संपत आलेलं. साहेबांचे ते असिस्टंट बोलले, कोरीत कशाला वाया घालवता."

मॅडम ओरडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "पत्रक, तुझ्या आबांच्या वाडीतल्या राजेळीच्या बुडाशी फुटलेला एक मुनवा आण. या गाळ्यातलं काहीही न लागलेला."

आबा मुनवा द्यायलाच तयार होईनात. "आमच्या केळीचा मुनवा कंपनीला? कोनी सांगितलं? त्या बाईनी? आज मुनवा नेईल, उद्या वाडी नेईल."

"आबा, मी बघतेय ना तिथे."

"तू काय बघतेस? तुलाच तर बघायला ठेवलीय त्यांनी."

तरी मी तो आणला. तुकडे केले, भिजवले. दुसऱ्या दिवशी माझ्या आबांच्या केळीचे तुकडे निळे झाले होते.

मी किंचाळलेच. "शिरलं! आमच्या वाडीत शिरलं! तुम्ही आधीच काहीतरी सोडलंय बाहेर!" बाटल्या टाकायची कचऱ्याची गाडी, सांडपाण्याचं गटार, भाड्याच्या वाडीत येऊन गेलेली साहेबांची माणसं, सगळा पुरावा डोक्यात एका ओळीत उभा राहिला. त्या दुपारीच मी पत्रक लिहून काढलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत जळजळीत पत्रक. दादा ते छापायला धावणार होते.

मॅडमनी ते मागून घेतलं आणि वाचलं. "तू म्हणतेस, निळं म्हणजे निशाणी शिरली. साहेबही तेच म्हणतात. तुमचं दोघांचं चांगलं जमेल." मग हळूच म्हणाल्या, "किंवा?"

"किंवा काय?"

"किंवा निळं म्हणजे नुसतं निळं. केळीच्या पोटात तिचे स्वतःचे जंतू राहतात. तेही हे पाणी निळं करू शकतात. तुझा संशय अर्धा आहे गं. तू तो कंपनीवर घेतेस. स्वतःच्या मथळ्यावर कधी घेणार?"

मी म्हटलं, "आणि हे तुम्ही कंपनीला वाचवायला सांगत नाही कशावरून?"

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांचा चेहरा मात्र खुलला. असा खुललेला मी आधी बघितला नव्हता. "आता बोललीस. कशावरूनच नाही. म्हणून तुकडे तू कर. मी हात लावणार नाही."

मीच केले. कंपनीच्या केळीचे आणि आबांच्या केळीचे कोंब, दोन्हीही जंतू मारणारं औषध घातलेल्या खळावर वाढवले. जंतू मेल्यावरही निळं आलं, तर निशाणी खरी. बाटल्यांवर खुणा मी केल्या, कपाटाची किल्ली माझ्याकडे. कोणावर विश्वास ठेवायचा नाही हेच शिकले होते, ते सगळं वापरलं. दादांना म्हटलं, तोवर छापू नका. ते म्हणाले, "माणसाळली शेवटी." काही आठवड्यांनी तुकडे पुन्हा भिजवले. सगळे पांढरे. आबांचे पांढरे, कंपनीचेही पांढरे. जंतू मेले, रंग गेला. आमच्या वाडीत काहीच शिरलं नव्हतं. कंपनीच्या केळीतही काहीच शिरलं नव्हतं. एका कोऱ्या प्लेटने साहेबांचे पेढे आणि माझं पत्रक एकदमच खाल्लं.

साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. पातळ फळीची भिंत, सगळं बाहेर ऐकू येत होतं. "निळ्या प्लेट आहेत ना आपल्याकडे? त्याच दाखवू. पांढऱ्या कशाला काढता?"

"दोन्ही दाखवीन. नाहीतर एकही नाही."

"मॅडम, वर्षभराचं काम आहे. तुमचंच."

"म्हणूनच."

मला त्या क्षणीही वाटत होतं, आता सौदा होईल. कान लावून मी त्याचीच वाट बघत होते. सौदा झाला नाही. त्या महिन्यानंतर मॅडमचा करार वाढला नाही. केळीत गुण घालायचं काम बंद पडलं आणि कंपनी पुन्हा साध्या रोपांच्या बाटल्या विकू लागली. भाड्याची वाडी मूळ मालकाकडे परत गेली, आणि त्याने ती बिल्डरला दिली. मोडक्या कुंपणाच्या जागी पत्रे लागले. आबा त्या पत्र्यांकडे बघून म्हणाले, "कंपनी नाय तर हा. वाडी जायचीच होती." आम्ही ज्या दारावर पहारा दिला त्या दाराने कोणी आलंच नाही.

मॅडम गेल्या त्या दिवशी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत त्यांची पिशवी मीच उचलली. पिशवीत डबा, छत्री आणि जॅमची एक रिकामी बाटली होती. समितीत कुणी म्हणत होतं, त्यांना दुसऱ्या बड्या कंपनीने ओढलं म्हणून त्या ताठ राहिल्या. मी तेही विचारलं.

"शोध घे," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं तर तू मानणार आहेस का?"

"नाही."

"शाबास."

रिक्षात बसल्यावर मी शेवटचं विचारलं. "मी कोण, कशाला आलेय, सगळं माहीत असून मला आत का घेतलंत?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "त्या गाळ्यात सगळ्यांना तो रंग निळा दिसायला हवा होता. मलासुद्धा. ज्याच्यात कंपनीने काही घातलेलं नाही असं एक डोकं नको का शेजारी? एक तरी कोरी नको?"

रिक्षा गेली. मला भयंकर राग आला. वर्षभर मी त्यांच्यावर पाळत ठेवतेय असं समजत होते, आणि त्यांनी मला फळीवर मांडून ठेवलं होतं! पाचवी प्लेट म्हणून! वापरलं की हो मला. आणि मी तरी कोरी कुठली? माझ्यात दादांचे मथळे ठासून भरले होते. हे त्यांना दिसत नव्हतं असं मुळीच नाही.

त्यानंतर त्या कुठे गेल्या ते मला कळलं नाही. बड्या कंपन्यांमध्ये चौकशी केली, नाव सापडलं नाही. म्हणून त्या तिथे नाहीतच असं मी म्हणणार नाही.

पत्रकं मी अजूनही लिहिते. आता इमारतींवर लिहिते. विहिरी, नाले, बुजवलेली बावखलं, म्हणजे आमच्याकडची वाड्यांतली तळी, सगळ्यावर. मथळा झकास जमतो, दादा छापायला हात पुढे करतात, आणि नेमकी तेव्हाच ती बाई रबरी स्लिपर फटफटवत मागे येऊन उभी राहते. जिथे इमारत झाली नाही तिथे काय झालं? मग मी पत्रक पुन्हा पिशवीत घालते, चपला चढवते आणि जिथे अजून काही झालेलं नाही असं गाव शोधायला निघते. दर वेळी आधीपेक्षा थोडं लांब जावं लागतं.