खिळे ठोकलेली फाईल

आंब्याची पेटी भरण्यात अख्ख्या रत्नागिरीत माझा हात कोण धरणार नाय. पण भरलेली पेटी उघडावी पण लागते, हे मला बायकोच्या पहिल्या बाळंतपणात कळलं.

आज पेटीत पेंढा घालताना तो सुका वास आला, नि बावीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. सुमनला कळा लागलेल्या. हॉस्पिटलात न्यायची जुन्या साडीची दुपटी, बाळाचं टोपडं, सुमनच्या तपासणीची फाईल, सगळं मी आंब्याच्या पेटीत रचलं. वर पेंढा घातला, फळी ठेवली आणि सोळा खिळे ठोकले. रिक्षात आतलं काय म्हणता काय हललं नाय!

हॉस्पिटलच्या दारातच सिस्टर म्हणाली, "फाईल द्या लवकर. रक्त लागलं तर गट कुठला?"

मी नखांनी खिळे उपसतोय, बोटं सोललेली, केसात पेंढा. तेव्हा वाटलं, फळीच चिवट. आता कळतं, घरी सुमन कण्हत होती नि घाबरलेल्या माझ्या हातांना ठोकण्याशिवाय दुसरं काय सुचत नव्हतं.

कळ जराशी ओसरली तशी सुमन स्ट्रेचरवरून म्हणाली, "सिस्टर, बी पॉझिटिव्ह लिहा. आणि ह्यांना पेटीसकट बाहेर काढा."